बिराचे शून्य तास

"फोटू लावल्यानं गाय पान्हा सोडती व्हय?"

नोटीस बोर्डाच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा माझ्या हातात तीन टाचण्या होत्या आणि चौथी दातांत. आमच्या कारखान्यातला बोर्ड कॅन्टीनच्या दाराशी दोन लोखंडी पायांवर उभा आहे. एका बाजूला आम्ही नोटिसा लावतो, दुसऱ्या बाजूला पाण्याचा कूलर. बोर्डाखालून फक्त पावलं दिसतात. त्या दिवशीची पावलं सुनंदाताईंची होती. जोडव्यांना पुठ्ठ्याचा भुसा चिकटलेला. सुनंदाताई बंडल बांधायच्या विभागात काम करतात आणि मी जो फोटो लावत होते तो त्यांच्याच नवऱ्याचा, दत्ताचा होता. खाली मी सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'ओव्हरटाइम हिरो, जानेवारी'.

बरोबरच्या बायका हसल्या. त्या जाईपर्यंत मी टाचणी दातांत धरून उभी राहिले. बाहेर येऊन "काय म्हणालात ताई?" असं विचारणाऱ्यांपैकी मी नाही. घरी गेल्यावर आईला विचारलं, पान्हा सोडणं म्हणजे काय. आई म्हणाली, "एवढी फी भरून शाळेत घातलं तुला!" आणि मग सांगितलं की दूध काढायला बसलं की गाय आपणहून दूध सडात उतरवते, ते. मला वाटलं, माझ्या फोटोची चेष्टा केली असेल. पुढे दीड महिना मी ती चेष्टाच समजत होते.

आमचा कारखाना लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथं पुठ्ठ्याची खोकी होतात. कागदाचे हत्तीच्या पायाएवढे रोल येतात, एक कागद नागमोडी करायचा, खळ लावून दोन सपाट कागदांच्या मध्ये चिकटवायचा, मग छपाई, खाचा पाडणं, कडा चिकटवणं आणि बंडल. वर्षभर बिस्किटं, औषधं, नटबोल्ट अशी सगळ्यांची खोकी होतात आणि काम शिस्तीत चालतं. द्राक्षाचं खोकं मात्र दिवाळीत कुणाला नको असतं आणि फेब्रुवारीत सगळ्यांना आजच हवं असतं. बागायतदाराला व्यापारी उद्या येतो म्हणून सांगतो, बागायतदार आम्हाला आज फोन करतो. तीन महिने ओव्हरटाइमशिवाय निभावत नाही.

माझ्या नोकरीचं नाव एचआर. मी बारामतीहून कंपनीच्या बसनं जाते. कारखान्यात मला 'एच्चार म्याडम' म्हणतात, आणि सुट्टी, गेटपास, भांडण, कॅन्टीनच्या आमटीतलं मीठ, सगळं या नावाखाली येतं. ओव्हरटाइमसुद्धा. बाहेरच्या माणसाला वाटतं, जादा तासांना दुप्पट दर आहे म्हटल्यावर रांग लागत असेल. आमच्याकडे पाच वाजता रांग लागते ती गेटातून बाहेर पडायला. जबरदस्ती करता येत नाही, करूही नये. तासांना कायद्याची मर्यादा आहे. हे सगळं पाळून सव्वापाचला प्रत्येक मशीनवर राजीखुशीनं उभा असलेला माणूस दाखवायचा, एवढंच माझं काम.

पहिल्या वर्षी मी एक फॉर्म केला होता. 'मी स्वेच्छेने अतिरिक्त वेळ काम करण्यास तयार आहे', खाली सही. महिनाभर एकही सही आली नाही. आमचे सुपरवायझर हणमंततात्या, नोकरीत केस पांढरे झालेले, ते फॉर्म हातात घेऊन म्हणाले, "म्याडम, हितं माणूस सही करतो ती दोनच ठिकाणी. सोसायटीत कर्ज काढताना आन् तहशिलीत जमीन इकताना. ह्यो कागद बघितला की पोटात गोळा येतो त्यांच्या." त्यांनी ते फॉर्म मागच्या कोऱ्या बाजूनं वापरून संपवले. पाच वाजता प्रत्येक मशीनपाशी जाऊन "काय रं, थांबतोस का?" एवढं विचारायचे आणि कागदावर नाव टिपायचे. त्यांची पद्धत माझ्यापेक्षा चांगली चालायची, हे मला दिसत होतं. कबूल करायला वेळ लागला.

मग मी एक तक्ता काढला. कॉलेजात 'कामगारांची प्रेरणा' या विषयात मला पैकीच्या पैकी मार्क होते. प्रत्येकाच्या नावापुढे जादा तासांचा रकाना, दर दहा तासांना एक सोनेरी चांदणी, महिन्याच्या शेवटी पहिला येईल त्याचा फोटो आणि प्रेशर कुकर. आमचे प्लांट हेड सावंत सर पुण्याहून येतात. त्यांना तक्ता इतका आवडला की त्यांनी त्याचा फोटो हेड ऑफिसला पाठवला. मी महिनाभर जरा ताठ चालले असेन.

चांदण्या भराभर लागल्या. दुपारी तीनला ज्या मशीनला काहीच होत नसे ती साडेचारला अडू लागली. खळ पातळ झाली, पट्टा सरकला, शाई वाळली. पाच वाजले की सगळं आपोआप दुरुस्त व्हायचं. तात्या माझ्याकडे बघायचे आणि मिशीत हसायचे. ओव्हरटाइमला बक्षीस लावलं की ओव्हरटाइम वाढतो, खोकी वाढतीलच असं नाही, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. निदान माझ्या तरी नव्हतं.

तक्त्यात सगळ्यात वर पाच नावं होती. दत्ता आणि त्याच्याच वाडीवरचे चौघे. कारखान्यापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर ही वाडी आहे. सगळ्यात खाली, त्याच वाडीतला सहावा माणूस, बिरा. तास शून्य.

बिरा कडा चिकटवायच्या विभागात होता. मूळचं मेंढपाळ घराणं. आता दोन एकर ऊस आणि दोन गाई. बोलणं कमी, हात वेगवान. दिवसभराचं काम चोख, पण पाचचा भोंगा झाला की हा गेटात. जाताना दत्ता आणि इतर चौघांचे रिकामे डबे आपल्या गाडीच्या हँडलला अडकवून घेऊन जायचा. पाच डबे खणखणत जायचे. मला हे रोज माझ्या खिडकीतून दिसायचं. बघायची सवय मला आहे. विचारायची नाही. मी डायरीत लिहिलं होतं, 'बिरा, ५:०२, डबे?' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्याच्या उत्तरासाठी मला फक्त जिना उतरायचा होता.

फेब्रुवारीच्या शेवटी हेड ऑफिसचं पत्र आलं. कंत्राटी कामगारांपैकी तिघांना कायम करायचं होतं. अकरा नावं होती, क्रम लावून यादी पाठवायची होती. बाहेरच्यांसाठी सांगते, कंत्राटी माणूस त्याच मशीनवर तेच काम करतो, पण त्याचा मालक ठेकेदार असतो. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. बिराला आमच्याकडे सहा वर्षं झाली होती आणि त्याचे तीन 'पहिले दिवस' होऊन गेले होते. शिवाय पस्तिशी उलटलेल्याला कायम करायचं नाही असा आमच्या हेड ऑफिसचा नियम. बिराला पस्तिसावं संपत आलेलं. ही यादी हुकली की त्याच्यासाठी पुढची यादीच नव्हती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी रकाने भरले. हजेरी चांगली, काम चांगलं, 'कामाची तयारी' या रकान्यात जादा तास. तिथं शून्य. बेरीज केली, बिरा अकरावा आला. मी यादी पाठवली. सावंत सरांचं उत्तर आलं, 'यात कुणाला बोट दाखवायला जागा नाही. छान.' ते उत्तर मी दोनदा वाचलं.

त्यानंतरच्या सोमवारी बिरा आला नाही. मंगळवारीही नाही. आणि सोमवारी पाच वाजता दत्तासकट पाचही हिरो गेटातून बाहेर. मंगळवारी पुन्हा तेच. चिकटवायची लाइन बंद, छापलेल्या पुठ्ठ्यांची थप्पी छताला लागायला आली. बाहेर नाशिकहून आलेला ट्रक उभा, त्याचा ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये बसून आमच्या आमटीला नावं ठेवतोय.

मी तात्यांना गाठलं. "तात्या, पाचही जणांना एकदम काय झालं?"

"बिरा न्हाय ना."

"बिराचा काय संबंध? तो तर कधीच थांबत नाही."

तात्यांनी चष्मा काढला. "म्याडम, तुमाला खरंच ठावं न्हाय? मला वाटलं, ठावं असून तक्ता लावलाय."

शेजारी सुनंदाताई बंडल आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तात्या, त्यांला सांगून न्हाय कळायचं. गुरुवारी चला म्याडम माझ्यासंगं. बिराचा हात तवर जाग्यावर यील."

"हाताला काय झालंय?"

"तुमचा तक्ता झालाय," ताई म्हणाल्या आणि बंडल पुढे ढकललं.

गुरुवारी मी सुनंदाताईंच्या मागे त्यांच्या स्कूटीवर बसून वाडीवर गेले. त्या दिवशी ताई पाचलाच निघाल्या, दत्ता आणि बाकीचे चौघे मागे थांबले होते. वाडी म्हणजे सहा घरं, सहा गोठे आणि मध्ये एक चिंच. पोचलो तेव्हा बिरा दत्ताच्या गोठ्यात गाईखाली बसला होता. दोन्ही गुडघ्यांत किटली, उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. आमच्याकडे न बघता म्हणाला, "जरा लांब थांबा. राणी बुजरी हाय."

"नवं माणूस दिसलं की दूध चढवती," सुनंदाताई मला म्हणाल्या. मग मला आपादमस्तक न्याहाळून, "तुमच्यावानीच. शब्द म्हणून खाली सोडायची न्हाय."

बिरा हसला. राणीनंही काही मनावर घेतलं नाही. दुधाची धार किटलीत वाजायला लागली.

चिंचेखाली बिराचे वडील बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी मला हिशेब समजावला. सहा घरं, बारा गाई. संध्याकाळची धार साडेपाचला, साडेसातला डेअरी बंद. गाय रोजच्या हातालाच दूध देते, भलत्या हाताला देत नाही. वेळ चुकली की सड दगड होतात, आणि रोज चुकली तर गाय आटते.

"पण घरातलं दुसरं कुणी?" मी विचारलं. "बायका?"

"बायका बी पाचनंतर तुमच्याकडंच बंडलं बांधायला लावल्यात की," सुनंदाताई म्हणाल्या.

"आन् माझा हात कापतोय," आबा म्हणाले. "पैलं शेंभर मेंढरं वळत हुतो. आता एक सड धरवंना. बिराच्या हाताला गुण हाय. कुणाची बी गाय असू दे, ह्यो बसला की पान्हा सोडती."

तर अशी सावड होती. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, मोबदला नाही, लिहून ठेवणं नाही. आठवड्यातले तीन दिवस बिरा साऱ्या गोठ्यांची धार काढणार, मग पाचजण ओव्हरटाइमला थांबणार. बदल्यात रविवारी पाचहीजण बिराच्या उसात. लागण, खुरपणी, पाण्याची पाळी, सगळं तेच बघणार. डबे पुढे नेण्याचं कारणही त्यातच. डबे आधी घरी गेले की घासून व्हायचे आणि रात्रीच्या स्वयंपाकातच दुसऱ्या दिवशीची भाजी त्यांत भरून ठेवता यायची. चार हंगाम हे असं चाललं होतं. तात्यांचा कागद भरत होता तो यामुळे.

मग माझा तक्ता आला. कुकर आणि फोटो. पाचजणांना तीन दिवस पुरेनात. एकानं शनिवारही मागितला, मग दुसऱ्यानं का मागे राहायचं? बिरा आठवड्याचे सहाही दिवस रोज बारा गाई काढायला लागला. महिन्याभरात मनगट सुजलं. सोमवारी सकाळच्या धारेला किटली हातातून सुटली.

"मग नाही म्हणायचं ना त्यांना," मी बिराला म्हटलं.

"कसं म्हणणार? बोर्डावर नावं लागत्यात त्यांची." त्यानं किटली जाळीनं झाकली. "दत्ता आला हुता कुकर घिऊन. म्हणला, हा तुझा. फोटू तेवढा मला ऱ्हाऊ दे, सासरवाडीला धाडलाय."

कुकर खरंच बिराच्या घरात होता, कंपनीचं स्टिकर न काढता. आबांनी चहा टाकायला सांगितलं. चहा नुसत्या दुधाचा आला. मला दूध आवडत नाही. मी सगळा प्यायले.

निघताना बिरा स्कूटीपर्यंत आला. "म्याडम, एक इच्यारू? ती कायम करायची यादी निघालीय म्हणं. सहा वर्षं झाली, अजून मी नवाच हाय. ह्या खेपंला हुईल का काय?"

मी म्हणाले, "बघू." यादी मीच केली आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. ते मी नंतर, बऱ्याच उशिरा सांगितलं. तो म्हणाला, "मला ठावं हुतं. तात्यांनी सांगितलं हुतं." म्हणजे त्या संध्याकाळी तो माहीत असूनच विचारत होता. हे लिहिण्याआधीही मी त्याची परवानगी घेतली. म्हणाला, "लिवा की. पण राणीचं नाव बरोबर लिवा."

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. तक्ता आता नाही. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही वाडी वाडी करून बसतो. कुठल्या दिवशी कोण थांबणार, घरचं कोण बघणार, ऊसतोडीची टोळी कुणाच्या रानात येणार, हे सगळं बोलून घेतो. ओव्हरटाइम कारखान्यात सुरू होत नाही, गोठ्यात सुरू होतो, असं मी नव्या ट्रेनींना सांगते. ते वहीत लिहून घेतात आणि मनातून हसतात. मीही हसले असते. गाई असलेल्यांसाठी आम्ही जास्तीचं काम धारेच्या वेळेवर न ढकलता दुपारच्या सुट्टीआधी जमेल तेवढं उरकतो. मशीन साडेचारला अडायची थांबली आहेत. सुनंदाताईंना मी आता बोर्डाच्या पुढच्या बाजूनं जाऊन विचारते, "ताई, हे चालेल का?" त्या बहुतेक वेळा म्हणतात, "न्हाय चालायचं." मग का, ते सांगतात.

पण त्या गुरुवारी यातलं काही नव्हतं. शुक्रवारी सकाळी दहाला यादीची बैठक होती. मी घरी जाऊन सावंत सरांना लांबलचक मेल लिहिला. सावड, गाई, मनगट, सगळं. इंग्रजीत, मुद्देसूद. मेलमध्ये मी धीट असते. पाठवून टाकला आणि आता काम झालं असं समजून झोपले.

सकाळी सर पुण्याहून थेट गाडीतून उतरून बैठकीत आले. मेल त्यांनी उघडलाच नव्हता, हे त्यांनी लॅपटॉप लावल्यावर पडद्यावरच दिसलं. माझं नाव ठळक अक्षरांत, न वाचलेलं. त्यांनी माझी यादी उघडली. खोलीत तात्या, प्रॉडक्शनचे दोघे, अकाउंट्सचे एक आणि फोनवर हेड ऑफिस.

"ही पद्धत सगळ्या प्लांटना लावायचा विचार आहे," सर फोनकडे बघून म्हणाले. "आमच्या मॅडमची आयडिया. एकदम स्वच्छ. वरचे तिघे ठरले. आणि खालून छाटणीही सोपी. हा बघा, शून्य तास. सहा वर्षांत एकदाही थांबला नाही. हे नाव तर यादीतूनच काढू."

त्यांनी बाण बिराच्या ओळीवर नेला. तात्या माझ्याकडे बघत होते. ते बोलले असते, पण यादी त्यांची नव्हती. माझ्या डोक्यात मेलमधली सगळी वाक्यं क्रमानं उभी होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती माझीच होती. मी उभी राहिले होते, बैठकीत कुणी उभं राहत नाही तरी.

"काय झालं, मॅडम?" सर म्हणाले. "काही राहिलंय का?"

"सर, ते नाव काढू नका."

"का? आकडा तर तुम्हीच दिलाय. शून्य."

मी म्हणाले, "ते शून्य मी घातलंय सर, त्यानं नाही. ज्या पाचजणांना मी हिरो केलं, त्यांच्या गाईंची धार रोज हा माणूस काढतो, म्हणून ते इथं थांबतात. तो दोन दिवस आला नाही तर आपली लाइन बंद पडली. यादी माझी आहे आणि ती चुकली आहे. बिराचं नाव पहिलं घ्या."